एबेलची यादी

जेम्स वेब दुर्बिणीच्या बातम्या वाचणाऱ्यांना 'एबेल २७४४' हे नाव आता ओळखीचं झालं आहे. त्याआधी हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांमुळे 'एबेल ३७०' आणि 'एबेल १६८९' ही नावं वर्तमानपत्रांत येऊन गेली होती. मागच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्या वस्तुमानाने वाकवून त्याच्या कमानी करणारे हे दीर्घिकांचे अवाढव्य समूह. नावापुढचा आकडा म्हणजे एका यादीतला अनुक्रमांक. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज एबेल नावाच्या तरुणाने हातात भिंग घेऊन, छायाचित्रांच्या काचांवरचे ठिपके मोजून ही यादी केली. १९५८ साली ती छापली गेली तेव्हा तिच्यात २७१२ समूह होते. त्यातला एकही यंत्राने शोधलेला नव्हता.

विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रात याहून झगमगीत शोध पुष्कळ लागले, पण इतकं टिकलेलं काम मला फार थोडं दिसतं. ते टिकलं त्याचं श्रेय एबेलच्या तीक्ष्ण नजरेला देण्याची पद्धत आहे. मला वाटतं, स्वतःच्या नजरेवर त्याने आंधळा विश्वास ठेवला नाही, हे खरं कारण आहे.

आकाशात धूसर ठिपक्यांचे पुंजके आहेत हे खूप आधीपासून माहीत होतं. धूमकेतू शोधताना चकवणाऱ्या ठिपक्यांची यादी करणाऱ्या चार्ल्स मेसिएने १७८१ च्या सुमारास नोंदवलं होतं की, कन्या राशीच्या परिसरात असे ठिपके फार दाटीने आहेत. पाठोपाठ विल्यम हर्शेलला अरुंधती केश या तारकासमूहातली गर्दी दिसली. विसाव्या शतकाच्या आरंभी हायडेलबर्गच्या माक्स वोल्फने छायाचित्रांवर त्याच भागातले आणि नंतर ययातीतले पुंजके टिपले. पण हे ठिपके म्हणजे काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. १९२४-२५ मध्ये एडविन हबलने देवयानीतल्या तेजोमेघाचं अंतर मोजून तो आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर असल्याचं दाखवलं, आणि जुन्या नोंदींचा अर्थच बदलला. वोल्फच्या काचेवरचा प्रत्येक पुसट ठिपका आता अब्जावधी ताऱ्यांची एकेक दीर्घिका होता.

मग आला फ्रिट्झ झ्विकी. जन्म बल्गेरियातला, नागरिकत्व स्वित्झर्लंडचं, नोकरी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये, आणि स्वभाव असा की सहकाऱ्यांशी फारसं पटलं नाही. १९३३ मध्ये त्याने अरुंधती केशातल्या समूहाचा हिशेब मांडला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने इकडेतिकडे धावत होत्या की, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहूच शकल्या नसत्या. समूह कधीच विखुरला असता. ज्या अर्थी तो विखुरलेला नाही, त्या अर्थी तिथे न दिसणारं द्रव्य शेकडो पटींनी जास्त असलं पाहिजे. आज ज्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो त्याची ही पहिली ठाम मांडणी. हिशेबातला आकडा पुढे बराच खाली आला, पण मुद्दा खरा ठरला. दीर्घिकासमूह म्हणजे विश्वाचं वजन करण्याचा तराजू आहे हे त्या दिवसापासून स्पष्ट झालं. मात्र एका समूहावरून विश्वाचं वजन ठरत नाही. हजारो हवे होते, आणि माहीत होते ते काही डझन.

अडचण दुर्बिणींचीच होती. मोठ्या दुर्बिणी खोलवर पाहतात, पण एका वेळी आकाशाचा जेमतेम तुकडा. बर्नहार्ड श्मिट या जर्मन कारागिराने १९३० मध्ये वेगळी रचना केली. आरशापुढे खास घासलेली पातळ काच बसवली की आकाशाचा विस्तीर्ण भाग कडेपर्यंत स्पष्ट उमटतो. झ्विकीने १९३६ मध्ये पालोमार डोंगरावर अशी १८ इंची दुर्बीण कामाला लावली. तिच्या यशावरून त्याच डोंगरावर ४८ इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने पैसे दिले आणि उत्तर ध्रुवापासून दक्षिणेकडे उणे २७ अंशांपर्यंतच्या आकाशाची मोहीम आखली गेली. पहिली काच ११ नोव्हेंबर १९४९ च्या रात्री उघडली, शेवटची १९५८ च्या डिसेंबरात.

या काचांबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक १४ इंच चौरस, आणि जाडीने जेमतेम मिलिमीटरभर, कारण श्मिट दुर्बिणीत प्रतिमा सपाट पडत नाही. काच चौकटीत वाकवून बसवावी लागते. वाकवताना काही फुटत. एका काचेवर एका बाजूने सहा अंशांहून अधिक आकाश येई. प्रत्येक क्षेत्राच्या दोन काचा: एक निळ्या प्रकाशाला संवेदनशील, एक लाल. निळी दहाएक मिनिटांत होई, लालला चाळीस मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागे. तेवढा वेळ निरीक्षकाने अंधाऱ्या, थंड घुमटात मार्गदर्शक दुर्बिणीला डोळा लावून एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा. काचेवर डाग पडला, तारे किंचित लांबट आले, की पुन्हा पहिल्यापासून. अशी ९३० हून अधिक क्षेत्रं झाली. या निरीक्षकांमध्ये कॅलटेकमध्ये शिकणारा एबेल होता. १९२७ मध्ये लॉस एंजेलिसला जन्मलेला हा मुलगा ज्या काचा घेत होता, त्याच पुढे त्याच्या पीएचडीचा विषय झाल्या.

त्याने लाल काचा निवडल्या. समूहांमधल्या म्हाताऱ्या, लंबवर्तुळाकार दीर्घिका मुळातच तांबूस असतात, आणि दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे आणखी लाल होतो. म्हणजे दूरचे समूह लाल काचेवरच नीट उमटणार. काच मागून उजळायची आणि साडेतीन पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तुकड्यातुकड्याने पाहत जायचं. काच ही निगेटिव्ह असल्यामुळे स्वच्छ पार्श्वभूमीवर तारे काळे ठिपके म्हणून दिसतात. ताऱ्याची कड रेखीव असते, दीर्घिकेची जरा पसरट. सवयीने डोळा ते ओळखतो. पण मानवी डोळ्याला पुंजके दिसतातच, नसतील तिथेही दिसतात. म्हणून समूह कशाला म्हणायचं याचे नियम एबेलने आधी लिहून काढले, आणि मला या सगळ्या कहाणीत याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

नियम असे होते. संशयित समूहातली तिसऱ्या क्रमांकाची तेजस्वी दीर्घिका घ्यायची. तिच्यापासून दोन प्रतींपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप) मंद अशा किमान ५० दीर्घिका समूहात असायला हव्यात. पहिली न घेता तिसरी का? तर सर्वांत तेजस्वी दीर्घिका कधी नुसतीच वाटेत आलेली, समूहाशी संबंध नसलेली असू शकते. तिसरीपर्यंत तो धोका बराच कमी होतो. या पन्नास दीर्घिका ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात मोजायच्या. आजच्या मोजमापाने ती त्रिज्या साधारण ७० लाख प्रकाशवर्षं येते, आणि खगोलशास्त्रज्ञ अजून तिला एबेल त्रिज्याच म्हणतात. समूह जितका दूर तितकं काचेवरचं वर्तुळ लहान. म्हणजे वर्तुळ काढायला अंतर हवं. पण वर्णपट घेऊन ताम्रसृती, म्हणजे प्रकाश किती लाल झाला ते, मोजायची तर एकेका दीर्घिकेमागे मोठ्या दुर्बिणीचा कितीतरी वेळ खर्ची पडे, आणि ताम्रसृती माहीत असलेले समूह तेव्हा मोजकेच होते. एबेलने त्या मोजक्यांवरून अंदाजाची रीत बसवली: समूहातल्या दहाव्या क्रमांकाच्या दीर्घिकेचं तेज पाहायचं आणि त्यावरून अंतर काढायचं.

अंतरालाही दोन्हीकडून मर्यादा. फार दूरचे घ्यायचे नाहीत, कारण तिथे काचेची ताकद संपते. फार जवळचे घ्यायचे नाहीत, कारण ते आकाशात अनेक काचांवर पसरतात. म्हणूनच ज्या कन्या राशीतल्या समूहापासून ही गोष्ट सुरू होते, तो एबेलच्या यादीत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यालगतचं आकाशही वगळायचं, कारण तिथली धूळ मागच्या दीर्घिका झाकते आणि ताऱ्यांच्या गर्दीत ठिपके ओळखू येत नाहीत.

एवढं करून त्याने आणखी एक गोष्ट केली. २७१२ पैकी सगळे नियम पुरे करणारे १६८२ समूह त्याने वेगळे काढले आणि संख्याशास्त्रीय हिशेब फक्त यांच्यावरच करा असं सांगितलं. उरलेले १०३० त्याने टाकून दिले नाहीत. कमी भरवशाचे म्हणून ठेवले. समृद्धीनुसार, म्हणजे दीर्घिकांच्या संख्येनुसार, वर्गही पाडले. सर्वांत वरच्या वर्गात, जिथे ३०० हून अधिक दीर्घिका लागत, त्याला एकच समूह बसवता आला: एबेल ६६५.

याच काचांवरून झ्विकीही यादी करत होता, पण त्याचा नियम वेगळा. पार्श्वभूमीपेक्षा दीर्घिकांची दाटी जिथे दुप्पट होते तिथे रेघ काढायची. रेघेच्या आत, सर्वांत तेजस्वी दीर्घिकेपासून तीन प्रतींपर्यंत ५० दीर्घिका भरल्या की समूह झाला. अंतराची अट नाही, ठरावीक वर्तुळ नाही. १९६१ ते १९६८ दरम्यान सहा खंडांत आलेल्या या सूचीत ९१३४ समूह भरले, शिवाय जवळजवळ तीस हजार दीर्घिका. काम अफाट होतं आणि दीर्घिकांच्या अभ्यासकांनी ते अनेक दशकं वापरलं. समूहांच्या बाबतीत मात्र त्या नियमात एक खोट होती. जवळच्या समूहाची विरळ कड आणि दूरच्या समूहाची कड एकाच मापाने कापली जात नव्हती, त्यामुळे अंतराप्रमाणे 'समूह' या शब्दाचा आवाकाच बदलत होता. विश्वाचा हिशेब करायला निघालेल्याला हे परवडत नाही.

दोघांमधला खरा वाद याहून मोठा होता. एबेलने आपले समूह आकाशाच्या नकाशावर मांडले तेव्हा तेही सारखे पसरलेले दिसेनात. समूहांचेही समूह, म्हणजे महासमूह, होते. यावर आक्षेप उघड होता: आपल्याच आकाशगंगेतली धूळ कुठे कमी, कुठे जास्त झाकते, म्हणून समूह पुंजक्यांत दिसतात. एबेलने याचं फार सुंदर उत्तर दिलं. त्याने समूहांचे अंतरानुसार गट पाडले आणि प्रत्येक गटात पुंजक्यांचा आकार केवढा हे तपासलं. धुळीचा खेळ असता तर जवळच्या आणि दूरच्या समूहांत पुंजके आकाशावर सारख्याच आकाराचे दिसायला हवे होते. पण अंतर वाढलं तसे ते लहान होत गेले, म्हणजे त्यांचा खरा आकार एकच होता. याचा अर्थ रचना दूरवर, प्रत्यक्ष अवकाशात होती. झ्विकीने हे कधीच मानलं नाही. समूह ही रचनेची शेवटची पायरी, त्यापुढे विश्व सारखं भरलेलं, असं तो अखेरपर्यंत लिहीत राहिला. दीर्घिकांमधल्या अवकाशातल्या धुळीकडेही त्याने बोट दाखवलं.

या वादात आणखी एका डोळ्यांनी केलेल्या कामाची भर पडली. लिक वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन यांनी वर्षानुवर्षं काचांवर लहान चौकोन आखून त्यातल्या दीर्घिका मोजल्या. संख्या दहा लाखांच्या घरात गेली. १९७७ मध्ये या मोजणीचा नकाशा काढला गेला तेव्हा त्यात धागे आणि गाठी स्पष्ट दिसल्या. पुढच्याच वर्षी स्टीफन ग्रेगरी आणि लेर्ड थॉम्पसन यांनी अरुंधती केशातला समूह, म्हणजे एबेल १६५६, आणि सिंह राशीतला एबेल १३६७ यांच्या दरम्यानच्या दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजून दाखवल्या. दोन्ही समूह दीर्घिकांच्या एका पुलाने जोडलेले होते आणि पुढेमागे प्रचंड पोकळ्या होत्या. झ्विकी १९७४ मध्येच गेला होता. महासमूहांच्या प्रश्नावर निकाल एबेलच्या बाजूने लागला.

एबेल तोवर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्राध्यापक होता, त्याचं पाठ्यपुस्तक महाविद्यालयांत शिकवलं जात होतं, आणि ज्योतिषाचे दावे आकड्यांनी तपासणाऱ्यांमध्येही तो पुढे होता. निकष आधी ठरवायचे आणि मग मोजायचं, ही सवय तिथेही तीच. दक्षिण आकाशाची उणीव भरून काढायला ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगवरच्या ब्रिटिश श्मिट दुर्बिणीच्या नव्या, अधिक खोल काचा आल्या होत्या. हॅरल्ड कॉर्विनबरोबर त्याने त्यांच्यावर काम सुरू केलं, पण १९८३ च्या ऑक्टोबरात त्याचं निधन झालं. कॉर्विन आणि रोनाल्ड ओलोविन यांनी ते पुरं केलं. १९८९ मध्ये यादी ४०७३ वर पोचली. वर उल्लेख केलेला एबेल २७४४ त्या दक्षिणी भागातला. एबेलच्या आयुष्यात छापलेली यादी २७१२ वर थांबलेली होती.

त्याच १९८३ साली यादीवर दोन दिशांनी प्रश्न उभे राहिले. नेटा बाकॉल आणि रेमंड सोनेरा यांनी जवळच्या १०४ एबेल समूहांच्या ताम्रसृती घेऊन समूह एकमेकांभोवती किती गोळा होतात हे मोजलं. उत्तर आलं, सुट्या दीर्घिकांच्या सुमारे अठरा पट. तेव्हाच्या कृष्णद्रव्याच्या गणितात एवढी दाटी बसत नव्हती. सिद्धान्त चुकला की यादी? जॉन लूसी यांनी खोट्या, संगणकात रचलेल्या आकाशावर एबेलचेच नियम लावून पाहिले. पंधरा ते पंचवीस टक्के समूह खरे तेवढे समृद्ध नसावेत असा निष्कर्ष निघाला. रात्री घाटमाथ्यावरून खाली पाहताना एका गावाचे दिवे वाटतात ते खरं तर एकामागे एक असलेल्या दोन लहान वाड्यांचे असतात. काच सपाट आहे, खोली ती दाखवत नाही. हा दोष लूसी यांना सापडला, कारण एबेलने नियम इतके नेमके लिहून ठेवले होते की ते दुसऱ्या कुणालाही जसेच्या तसे चालवता आले. 'मला समूह वाटला' एवढंच लिहिलेलं असतं तर चूक किती हे कधीच मोजता आलं नसतं.

मग काचा यंत्रांपुढे गेल्या. केंब्रिजच्या एपीएम आणि एडिंबरोच्या कॉसमॉस या यंत्रांनी दक्षिणेकडच्या काचा वाचल्या. एकट्या एपीएमने १८५ काचांवर वीस लाख दीर्घिका नोंदल्या. लहान वर्तुळं आणि काटेकोर मोजणी वापरून नव्वदच्या दशकात केलेल्या समूहसूच्यांत दाटी बाकॉल यांच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरली. तरी त्या काळच्या सरळसोट कृष्णद्रव्य-गणितात तीही बसत नव्हती. दीर्घिकांची तीच मोजणी पाहून जॉर्ज एफस्टाथिऊ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लिहिलं की विश्वात द्रव्य कमी आहे आणि आइन्स्टाइनचा टाकून दिलेला, प्रसरणाला जोर देणारा विश्वस्थिरांक परत घ्यावा लागेल. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा पुरावा सुपरनोव्हांवरून मिळायला अजून आठ वर्षं होती.

खोलीचा प्रश्न अखेर रंगाने बराचसा सोडवला. समूहातल्या म्हाताऱ्या दीर्घिकांचा रंग जवळजवळ एकसारखा असतो, आणि अंतर वाढत जाईल तसा तो ठरावीक क्रमाने लाल होत जातो. दोन फिल्टरांतून मोजलेल्या तेजांचा फरक पाहिला की एकाच अंतरावरच्या दीर्घिका एका रेषेवर येतात आणि वाटेतल्या इतर गळून पडतात. मायकेल ग्लॅडर्स आणि हॉवर्ड यी यांनी २००० मध्ये यावर समूह शोधण्याची पद्धत उभी केली. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोत स्लोन सर्वेक्षण सुरू झालं. अडीच मीटरची दुर्बीण, पाच फिल्टर, काचांच्या जागी सीसीडी हे इलेक्ट्रॉनिक संवेदक. मग आकडे झपाट्याने वाढले: २००७ च्या एका सूचीत १३,८२३ समूह, २०१२ मध्ये चिनी खगोलशास्त्रज्ञांच्या सूचीत १,३२,६८४. रेडमॅपर या पद्धतीने तर पन्नासची अटच काढून टाकली. प्रत्येक दीर्घिका समूहात असण्याची शक्यता किती ते काढायचं आणि त्या शक्यतांची बेरीज म्हणजे समृद्धी.

तरीही जुना आक्षेप संपलेला नाही. २०२० मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेने रेडमॅपरच्या समूहांवरून विश्वातल्या द्रव्याचं प्रमाण काढलं तेव्हा ते इतर सर्व पद्धतींपेक्षा बरंच कमी आलं. सर्वेक्षणाच्या चमूने स्वतःच कमी समृद्धीच्या समूहांकडे बोट दाखवलं. एकामागे एक असलेल्या वाड्यांचा हिशेब अजून पुरता जमलेला नाही.

या इतिहासाचं एक पान पुण्यात लिहिलं गेलं. २०१७ च्या जुलैत आयुका आणि आयसर या पुण्यातल्या संस्थांमधल्या जयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणाच्या दीर्घिकांमधून एक महासमूह जाहीर केला. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला, किमान ४३ समूहांचा. वस्तुमान सूर्याच्या दोनावर सोळा शून्यं इतक्या पट. त्याचं नाव सरस्वती. पन्नाशीच्या दशकातल्या कुठल्याही काचेवरून हा ओळखता आला नसता, कारण त्यासाठी हजारो दीर्घिकांच्या ताम्रसृती लागतात. पण त्यातले दोन सर्वांत मोठे समूह जुन्या सूच्यांमध्ये आधीच होते. एक आहे एबेल २६३१. दुसरा झ्विकीच्या सूचीतला आहे, आणि बागची त्याचा अभ्यास २००२ च्या आधीपासून करत होते. महासमूह असतात म्हणणारा आणि नसतात म्हणणारा, दोघांनी काचेवर पाहिलेले ठिपके एकाच महासमूहाचे निघाले.

आता चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पाळी आहे. ८.४ मीटरच्या या दुर्बिणीने २०२५ च्या जूनमध्ये पहिली छायाचित्रं प्रसिद्ध केली, त्यात कन्या राशीतला समूह होता. दहा वर्षांच्या सर्वेक्षणात तिच्याकडून याहून कितीतरी मोठ्या सूच्या येतील.

त्या येईपर्यंत एक गोष्ट वाचकांनी जरूर करावी. पालोमारच्या काचांची संगणकीय प्रत महाजालावर कुणालाही फुकट पाहता येते. तिथे एबेल २१५१ उघडा. शौरी तारकासमूहातला हा समूह आहे. रेखीव कडेचे तारे बाजूला काढा, पसरट कडेच्या दीर्घिका निवडा, तिसऱ्या तेजस्वी दीर्घिकेपासून मोजायला लागा आणि पन्नास भरतात का ते स्वतः पाहा.